सुझॅना क्लार्क आणि आक्काची कादंबरी

मंगळवार, रात्री

शाळा सुटल्यावर वडगावला आक्काकडे गेले. चिकनगुनिया होऊन वर्ष उलटलं, तरी सकाळी तिच्या बोटांची मूठ वळत नाही. पेन अंगठ्यात धरलं की दोन ओळींत निसटतं. शेजारच्या काकी आल्या होत्या. म्हणाल्या, "दुखणं सोसल्याबगर मोठं लिहून होत नाही बघ." आक्का काही बोलली नाही. मला मात्र फार लागलं. काकी वयानं मोठ्या, म्हणून तिथं गप्प बसले.

हल्ली सुझॅना क्लार्क डोक्यातून जात नाही. इंग्लंडमधली ही बाई केंब्रिजला एका प्रकाशनात स्वयंपाकाची पुस्तकं तपासायची आणि नोकरी सांभाळून कादंबरी लिहायची. 'जोनाथन स्ट्रेंज अँड मिस्टर नॉरेल' लिहायला दहा वर्षं गेली. नेपोलियनचा काळ, दोन जादूगार, आणि पानोपानी तळटिपा. जादूवरच्या ज्या ग्रंथांचे दाखले ती देते, ते कुणी कधी लिहिलेलेच नाहीत. तरी वाचताना वाटतं, उद्या वाचनालयात जाऊन मागावेत! २००४ साली पुस्तक आलं, पुढच्या वर्षी विज्ञानकथा-अद्भुतकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. चव्वेचाळीस-पंचेचाळिसाव्या वर्षी पहिली कादंबरी, आणि ती एवढी गाजली.

आणि मग अंथरूण. थकवा असा, की वर्षानुवर्षं उतरलाच नाही. डॉक्टरांनी क्रॉनिक फटीग सिंड्रोम सांगितलं. २००६ साली एक कथासंग्रह आला, पण पुढची कादंबरी यायला २०२० उजाडलं.

ती कादंबरी 'पिरानेसी'. पुढच्या वर्षी तिला विमेन्स प्राइझ, बायकांनी इंग्रजीत लिहिलेल्या कादंबऱ्यांना देतात ते बक्षीस, मिळालं. काकींसारखी माणसं म्हणतील, बघा, आजारानंच दिली. मला हे अजिबात पटत नाही. आजारानं तिच्याकडून नेलंच. मधल्या वर्षांत जी पुस्तकं व्हायची राहिली, त्यांचा हिशेब कोण देणार? 'पिरानेसी' दिली ती तिच्या शहाणपणानं. पहिल्या कादंबरीसारखा माणसांचा मोठा गोतावळा आणि इतिहासाचा ढीगभर अभ्यास अंगाला झेपणार नव्हता. म्हणून तिनं जुनीच एक कल्पना हाती घेतली. पात्रं मोजकी, पुस्तक छोटं, आणि सगळं एका माणसाच्या रोजनिशीतून. काम अंगात होती तेवढ्या ताकदीच्या मापाचं केलं, कस मात्र तसूभर उतरू दिला नाही. मला तिच्याबद्दल सगळ्यात जास्त आदर वाटतो तो इथं.

आक्काची कादंबरी कणकुंबीची. मलप्रभा जिथं उगम पावते तिथल्या, पाण्याशी बोलणाऱ्या घराण्याच्या सात पिढ्या. तीन पिढ्या लिहून झाल्यात. ती वही तिनं ट्रंकेत घातली आहे.

काकी गेल्यावर म्हटलं, "सात पिढ्या राहू देत गे. त्यातली ती एकटी म्हातारी घे. तू सांग, मी लिहून घेते."

"बघू की," म्हणाली. मग विचारलं, "तुझ्या त्या पुस्तकातला माणूस करतो काय?"

मी 'पिरानेसी'तलं सांगितलं. अफाट मोठं घर, दालनामागून दालनं, सगळीकडे पुतळे, खालच्या मजल्यावर समुद्र. भरतीच्या वेळा तो वहीत मांडून ठेवतो.

"आणि खातो काय?"

"मासे धरतो. समुद्रातलं शेवाळ वाळवतो."

"चूल कशावर पेटवतो मग?"

"त्याच वाळल्या शेवाळावर."

आक्का जरा वेळ विचारात पडली. म्हणाली, "म्हातारीला पण काहीतरी खायला पाहिजे. कणकुंबीच्या पावसात सुकं सरपण कुठलं मिळायला? ते आधी ठरवू या." उद्या शाळेतून थेट तिकडेच जाणार आहे, नवी दोनशे पानी वही घेऊन.