वेताळ टेकडीवर झाडे कुठे लावायची?

पुण्यातल्या वेताळ टेकडीवर रविवारी सकाळी श्रमदानाला येणारा नवा माणूस बहुधा पहिल्यांदा हेच विचारतो, आणि बऱ्याच ठिकाणी लावायचीच नाहीत असे सांगितल्यावर तो काहीसा हिरमुसतो. त्याचा दोष नाही. उन्हाळ्यात ही टेकडी उजाड दिसते, आणि उजाड दिसणारी जमीन हिरवी करणे म्हणजेच निसर्गसेवा, असे आपल्याला शाळेपासून शिकवलेले असते.

पुण्यात वर्षाकाठी सरासरी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही मुख्यतः चार महिन्यांत. टेकडीवरच्या काळ्या कातळावर मातीचा थर अनेक ठिकाणी वीतभरसुद्धा नाही. अशा जमिनीला मानवते ते गवत, आणि त्यात अधूनमधून सालई, मेढशिंगी, गणेर, मोई यांसारखी पानझडी झाडे. तित्तर आणि चंडोल यांना हा मोकळा माळच हवा असतो. तिथे दाट झाडी उभी केली, की त्यांचे घरच जाते.

पूर्वीच्या वनीकरणात पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्प मोठ्या प्रमाणात लावले गेले. मूळचे मध्य अमेरिकेतले हे झाड निकृष्ट जमिनीत झपाट्याने वाढते, फांदी खोचली तरी जगते आणि गुरे सहसा त्याच्या वाटेला जात नाहीत. त्या काळी याच गोष्टी गुण ठरल्या असणार. आज मात्र त्याच्या दाट सावलीत गवत आणि स्थानिक रोपे मागे पडतात. ते तोडावे, तर बुंध्याला पुन्हा धुमारे फुटतात. शिवाय झाड परके असले, तरी स्वयंसेवकांनी परस्पर कुऱ्हाड चालवायची नसते. महाराष्ट्रात नागरी क्षेत्रातील झाडांसाठी १९७५ पासून कायदा आहे, आणि वनजमिनीवर वन विभागाची परवानगी लागतेच. त्यामुळे परवानगीनुसार थोडी विरळणी करावी, मोकळ्या झालेल्या जागी स्थानिक रोपे लावावीत आणि पुढची काही वर्षे धुमारे खुडत राहावे, एवढेच आपल्या हाती असते. हे काम छायाचित्रात मुळीच शोभत नाही.

खरी कसोटी फेब्रुवारीनंतर लागते. गवत वाळून कोळ झालेले असते आणि कुणीतरी फेकलेले विडीचे थोटूक आख्खा उतार पेटवायला पुरते. म्हणून त्याआधीच जाळरेषा काढाव्या लागतात, म्हणजे ठरावीक रुंदीच्या पट्ट्यातले गवत कापून जमीन मोकळी करायची, की आग तिथे अडते. तरीही वणवा लागलाच, तर आधी वन विभागाला आणि अग्निशमन दलाला कळवायचे. ओल्या फांद्यांनी आग झोडपणे बाहेरून दिसते तितके सोपे नाही, आणि वारा फिरला तर ते जिवावरही बेतते.

रोपांना पाणी घालणारे हात त्या मानाने पुष्कळ मिळतात. फिरायला येणारे आजी-आजोबा घरून भरलेली बाटली आणून रोपाच्या आळ्यात रिती करतात. (मोरांना फरसाण घालणारेही भेटतात, त्यांच्याशी आमचा वाद मिटलेला नाही.)

जून जवळ आला, की वृक्षारोपणाचा कार्यक्रम करू इच्छिणाऱ्या कंपन्यांचे निरोप येऊ लागतात. सपाटीवरचा माळ त्यांना मिळणार नाही, हे आम्ही स्पष्ट सांगतो. दगडखाणीच्या कडेला थोडी रोपे लावा आणि एप्रिल-मे महिन्यांत त्यांना पाणी घालायला या, अशी आमची अट असते. ती ऐकल्यावर बहुतेकांचा फोन पुन्हा येत नाही. जे येतात, त्यांना आम्ही आधी जाळरेषेच्या कामाला लावतो.