तार जोडणारं मशीन आणि पेडण्याचे काका

सूतगिरणीत रिंग फ्रेमवर (कापसाला पीळ देऊन सूत काढणारं मशीन) तार, म्हणजे सुताचा धागा, तुटली की ती अजूनही बहुतेक ठिकाणी माणूस हाताने जोडतो, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. एवढी मोठी मशीनं आहेत म्हणजे आपोआपच होत असणार असं वाटतं. रोटर स्पिनिंग या सूत काढायच्या दुसऱ्या पद्धतीत होतं, तिथे १९७८ च्या ऑटोकोरो मशीनपासून मशीनच सांधा मारतं, म्हणजे तुटलेली तार जोडतं. पण रिंग फ्रेमवर पूर्ण ऑटोमॅटिक रोबो दिसला तो २०१९ ला, बार्सिलोनाच्या इटमा या कापडयंत्रांच्या प्रदर्शनात, रीटर कंपनीचा, मशीनच्या प्रत्येक बाजूला एक, आणि तोही त्यांच्या स्वतःच्या फ्रेमसाठी. मग ज्या गिरणीत जुन्या फ्रेम आहेत आणि नव्या घ्यायला पैसे नाहीत तिने काय करायचं? नेमकं हेच काम घेऊन इचलकरंजीकडची एक गिरणी आमच्याकडे आली होती.

आम्ही म्हणजे कुंडई इंडस्ट्रियल इस्टेटमधलं छोटं ऑटोमेशनचं वर्कशॉप. गोव्यात सूतगिरणीचं काम कोण करतं असं सगळे विचारतात, पण ग्रिपर, सेन्सर, पीएलसी (मशीन चालवणारा छोटा कॉम्प्युटर) हे आमचं रोजचंच आहे, फार्माच्या लाइनला लावतो तेच इथे लावायचं. गिरणीने जुन्या फ्रेमचा एक तुकडा, मोजके स्पिंडल (फिरत्या चात्या) असलेला, टेम्पोत घालून आंबोली घाटातून खाली पाठवला. आणि तो पोचला नेमका जुलैमध्ये.

आता अडचण काय ते सांगते, कारण ती कळल्याशिवाय त्या दिवसाची मजा कळणार नाही. वरून रोव्हिंग, म्हणजे कापसाची जाडसर सैल वात, येतं, रोलरमधून ओढून बारीक होतं, खाली स्पिंडल फिरतो आणि पीळ बसतो. स्पिंडलभोवती एक रिंग असते आणि रिंगवर ट्रॅव्हलर, म्हणजे इंग्रजी सी अक्षरासारखी स्टीलची चिमुकली क्लिप, ३० नंबर जाडीच्या सुताला साधारण ४० मिलिग्रामची. सूत या क्लिपमधून जातं आणि तिला ओढत रिंगवर फिरवतं. स्पिंडल मिनिटाला १८,००० फेरे मारत असेल आणि रिंग ३८ मिलिमीटरची असेल तर ट्रॅव्हलर ताशी १३० किलोमीटरच्या आसपास पळतो, बिनतेलाचा, हिशोब करून बघा. तार तुटते ती बहुतेकदा पुढच्या रोलरच्या तोंडाशी, कारण तिथे पीळ नीट पोचलेला नसतो. तुटली की ट्रॅव्हलर रिंगवर कुठेही थांबतो, सुताचं टोक कॉपवर, म्हणजे स्पिंडलवरच्या सूत गुंडाळलेल्या नळीवर, कुठेतरी चिकटून बसतं, आणि वरून येणारा कापूस सक्शनमध्ये वेस्ट म्हणून जात राहतो.

टोक शोधणं आम्हाला जमलं होतं. हवेने ओढून घ्यायचं, सोपं आहे. अडलं होतं ट्रॅव्हलरपाशी. चकचकीत रिंगवर चकचकीत क्लिप, कॅमेऱ्याला काय दिसणार? लाइट बदलला, फिल्टर लावला, आमच्या व्हिजनवाल्या मुलाने हजारो फोटो काढून मॉडेल ट्रेन केलं, तरी रिंगवर थोडी रुई चिकटली की मॉडेल तिलाच ट्रॅव्हलर म्हणायचं.

तेव्हा आमचा वायरमन म्हणाला, माझा मामा मुंबईत मिलमध्ये हेच करायचा, आणू का त्याला? मामा पेडण्याचा. तरुणपणी लालबागला गावकऱ्यांच्या खोलीत राहून रिंग खात्यात साइडर, म्हणजे फ्रेमवरच्या तारा जोडणारा कामगार, होता, १८ जानेवारी १९८२ ला संप झाला तो मिटायची वाट बघून बघून शेवटी गावी आला आणि काजूच्या बागेत रमला. सत्तरीच्या पुढचा माणूस. भर पावसात भाच्याच्या स्कूटरवर मागे बसून आला, रेनकोट काढला आणि चहासुद्धा न घेता थेट फ्रेमपाशी.

पहिलं काय केलं तर टॉप रोलरच्या रबरावर बोट फिरवलं. म्हणाला, "बाय, हवा जड आसा. लॅप बसतला." मी अवाक झाले, कारण सकाळपासून तोच त्रास चालू होता. रिंग खात्यात आर्द्रता ५५ ते ६० टक्के ठेवतात, आणि आमच्याकडे बाहेर नव्वदच्या वर. प्लास्टिकचे पडदे बांधून दोन डिह्युमिडिफायर लावले होते, पण दार उघडलं की झालं, तंतू ओलसर होऊन रोलरला गुंडाळायचे. काकांनी हूक मागितला, खिशातल्या चाकूनेच लॅप कापून काढला आणि म्हणाले दार कोणी उघडू नका.

मग मशीन चालू केलं, मी मुद्दाम एक तार तोडली. काकांचा गुडघा आपोआप त्या स्पिंडलच्या ब्रेकवर गेला. इतक्या वर्षांनी! आम्ही हाय-स्पीड कॅमेरा लावून ठेवला होता म्हणून नंतर बघता आलं, नाहीतर डोळ्याला काही दिसलंच नव्हतं. कॉपवरून टोक उचललं, डाव्या हाताचं बोट रिंगच्या मागून पुढे असं फिरवलं, ट्रॅव्हलर जिथे कुठे होता तिथून बोटाबरोबर पुढे आला, सूत त्याच्यात अडकलं, वर लॅपेटमधून (सूत नेणारा हूक) गेलं, गुडघा सुटला, आणि बोटाने सूत बाजूने रोलरच्या तोंडाशी टेकवलं. झालं. या सगळ्यात काकांनी रिंगकडे एकदाही बघितलं नाही, नजर पूर्ण वेळ रोलरवर.

व्हिजनवाला मुलगा व्हिडिओ परत परत लावत होता. "काका, तुम्ही ट्रॅव्हलर शोधत का नाही?" काका म्हणाले, "शोधायचा कशाला रे, तो रिंग सोडून जातो कुठे? पुढे आणायचा."

खरंच, इतके दिवस आम्ही तो कुठे आहे हे विचारत होतो आणि त्याची गरजच नव्हती. संध्याकाळपर्यंत आम्ही नायलॉनचं एक मऊ बोट प्रिंट केलं, रिंगच्या कडेने मागून पुढे येऊन ठरलेल्या जागी थांबणारं. ट्रॅव्हलर दर वेळी त्याच जागी आला. कॅमेरा काढून टाकला, खर्चही तेवढा कमी झाला, आणि जुन्या फ्रेमवाल्या गिरणीसाठी खर्च हाच तर खरा प्रश्न आहे.

व्हिडिओत दुसरी गोष्ट दिसली ती मला जास्त महत्त्वाची वाटते. आमचा ग्रिपर टोक कटरने कापत होता. काका कापत नव्हते, उलटा पीळ देऊन ओढून तोडत होते, त्यामुळे टोक विरळ, झुपकेदार राहतं आणि नवे तंतू त्यात मिसळतात. कापसाचा तंतू २८-३० मिलिमीटरचा आणि सूत सेकंदाला ३४ सेंटिमीटरच्या आसपास निघतं, म्हणजे टेकवायला जरा उशीर झाला तरी सांधा जाड होतो. जाड सांधा पुढे ऑटोकोनरचा (सूत मोठ्या कोनवर गुंडाळणारं मशीन) क्लिअरर, म्हणजे सुतातले दोष पकडणारा सेन्सर, कापून टाकतो आणि तिथे परत जोडावं लागतं, म्हणजे आधीची मेहनत पाण्यात. त्यामुळे सांधा नुसता लागून उपयोग नाही, तो चांगला लागला पाहिजे. आता आम्ही दोन छोट्या रोलरमध्ये टोक धरून पीळ उलगडतो आणि मग ओढतो.

चहा-भाजीपाव झाल्यावर मी काकांना सरळ विचारलं, हे मशीन आलं तर तार जोडणाऱ्या बायकांचं काय? मला हा प्रश्न टोचतो आणि तो टोचायलाच पाहिजे. इचलकरंजीला गेले होते तेव्हा रात्रपाळीत बायका फ्रेमच्या गल्लीतून अख्खी पाळी चालताना बघितल्यात, कानठळ्या बसवणारा आवाज आणि रुई उडतेय. गिरणीवाले म्हणतात माणसं मिळत नाहीत, ते खरंही आहे, पण ज्या आहेत त्यांना कुठे घेणार हे आम्ही करारातच लिहून मागितलंय आणि अजून उत्तर आलेलं नाही. काका थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "चालण्याचं काम जाऊ दे. बाईला पगार द्या आणि मशीन बघायला ठेवा, तिला आवाजावरून कळतं कुठला स्पिंडल बिघडलाय."

निघताना त्यांनी एक विचारलं त्यावर आम्ही अजून काम करतोय. डॉफिंग झालं, भरलेले कॉप काढून रिकामे लावले आणि मशीन परत चालू केलं की एकदम भरपूर तारा तुटतात, तेव्हा तुमचं हे एकटं मशीन कुठे कुठे धावणार? आमच्या युनिटला एका सांध्याला अर्ध्या मिनिटाच्या आसपास लागतं. सध्या ठरवलंय की डॉफनंतरची पहिली काही मिनिटं बाईने आणि मशीनने दोन टोकांकडून सुरुवात करायची, आणि कुठली तार तुटलीय ते प्रत्येक स्पिंडलवरच्या लाइटने दाखवायचं. ती ट्रायल पाऊस संपल्यावर थेट गिरणीतच घेणार आहोत, आणि काकांनाही घेऊन जाणार आहोत.