सगळ्यात मागून

सोमवार, पहाट

साडेचारला जाग आली, गजर न लावता. चार दिवस याच वेळेला उठून अंधारात मोजे चाचपत होते, आजही हात आपोआप उशाशी गेला. मग आठवलं, सायकल राइड काल संपली. आज ऑफिस. जिना उतरताना मांड्या अशा बोलायला लागल्या की कठडा धरून खेकड्यासारखी आडवी उतरले. दूधवाला बघत होता. बघू दे.

जळगावहून चोपडा, शिरपूर. दुसऱ्या दिवशी शहादा, प्रकाशा, नंदुरबार. तिसऱ्या दिवशी दोंडाईचावरून धुळे आणि काल धुळ्याहून घरी. आम्ही २३ जण. निघायच्या आदल्या रात्री कामं वाटली तेव्हा माझ्या वाट्याला ‘झाडू’ आला. म्हणजे सगळ्यात मागे राहायचं. जो मागे पडेल त्याच्याही मागे. पिशवीत दोन ट्यूब, पंप, पाने, मीठ-साखरेच्या पुड्या. एकोणपन्नास वर्षांच्या बाईला मागे ठेवायची ही सभ्य युक्ती, असं वाटून मी थोडी फुगले होते. पहिल्या चाळीस किलोमीटरमध्ये फुगा उतरला, कारण झाडूला दमायची परवानगी नसते. कुणी चहाला वळलं की थांबा, कुणाची चेन उतरली की थांबा, कुणाचा हातमोजा पडला की दोन किलोमीटर उलटं जा.

माझ्या पुढे कायम एकच पाठ. आप्पांची. एस.टी.तून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले, वय ६४, सायकल काळी, बिनगिअरची, मागे कॅरिअरला डब्याची पिशवी. चोपडा-शहादा रस्त्यावर त्यांची निम्मी नोकरी गेली. त्यामुळे विदगावला तापी ओलांडून आम्ही धानोऱ्याला बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्याला लागलो, अडावद मागे टाकत चोपडा सोडलं आणि आप्पांचा वेग एकदम पडला. मला वाटलं, दमले. तसं नव्हतं. दर फाट्याला त्यांचा हात ब्रेकवर जात होता.

“हा विनंती थांबा, ताई. घंटी नाही वाजली तरी मी इथे गाडी हळू करायचो. कोण धावत येईल सांगता येत नाही.”

त्या रस्त्यावर विनंती थांबे फार आहेत, एवढं आता मला पाठ झालं. उजव्या हाताला सातपुडा, डावीकडे केळी, घडांना पिशव्या घातलेल्या, आणि मध्ये आम्ही दोघं प्रवासी नसलेल्या थांब्यांवर थबकत चाललेलो. पुढच्यांचा फोन: कुठे आहात? मी म्हटलं, गाडी वेळेवर आहे.

शहाद्याचं मात्र नीट लिहून ठेवते, नाहीतर विसरायला होईल. ही सगळी धडपड सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या मुलांसाठी. मला माहिती होती ती पत्रकातली: आई-वडील दोघंही सिकलसेलच्या जनुकाचे वाहक असतील तर दर मुलामागे आजाराची शक्यता २५ टक्के, तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, म्हणून हाडं-सांधे असह्य दुखतात. थंडी वाढली, पाणी कमी प्यायलं, की दुखणं उठतं. तिथल्या हॉलमध्ये धडगावकडच्या पाड्यावरची एक आई आली होती, सोबत दहा-बारा वर्षांची मुलगी, स्वेटरवर शाल, शालीवर टॉवेल. आमच्यातला एक जण भाषण करत होता, रक्तदान वगैरे. ती बाई मध्येच म्हणाली, रक्त फुकट मिळतं. जीपचं भाडं लागतं. आणि माझा रोज बुडतो, हिच्या बापाचा पण.

भाषण तिथेच आटोपलं. गोळा झालेले पैसे भाड्याला वापरायचे, हे आधीच ठरलं होतं, पण का ते तेव्हा कळलं. मुलीने माझी पाण्याची बाटली हातात घेऊन बघितली, सायकलच्या दांडीला ती कशी अडकते ते दोनदा करून पाहिलं आणि परत दिली. बोलली काही नाही.

प्रकाशाला तापीचा काठ, केदारेश्वराचं देऊळ, तिथे अंगावर ऊन घेत वीस मिनिटं पडलो. नंदुरबारहून सकाळी निघताना मिरचीच्या पथाऱ्या लागल्या. लांबून लालभडक शेतं, जवळ गेल्यावर ठसका. अख्खी रांग खोकत होती, एकाने डोळे चोळले आणि मग त्याचं काय झालं ते विचारू नये. दोंडाईचा ते धुळे याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. रस्ता होता, आम्ही होतो.

काल मात्र मी संपले. धुळे सोडलं आणि पूर्वेचा वारा थेट छातीवर. हायवे जुना सहा नंबर, आता त्रेपन्न. सुरतेकडून येणारे ट्रक शेजारून गेले की आधी ढकलतात आणि मग खेचतात. पारोळ्याच्या अलीकडे पाय गोळा झाले. कडेला कापूस वेचून परतणारी एक म्हातारी थांबली. रांग तिच्यासमोरून कधीच निघून गेली असणार.

“इतली मांगे कशी राहिनी व माय तू?”

मी म्हटलं, कामच आहे माझं. पण खरं ते नव्हतं, आणि तिला ते दिसत होतं. तिने ओच्यातून मूठभर बोरं दिली. टेम्पो बोलवावा म्हणून मी फोन काढला, तेवढ्यात आप्पा वळून आले. ज्यांच्या मागे राहायला मला ठेवलं होतं तेच.

“माझ्या मागच्या चाकाला चिकटून चला. वारा मी खातो. ब्रेक मारायचा असला तर आधी सांगेन, घंटी देईन.”

पारोळा ते एरंडोल मी फक्त त्यांचं कॅरिअर बघितलं. डब्याच्या पिशवीवर कुठल्याशा ज्वेलर्सचं नाव, त्यातला एक काना पुसलेला. आप्पा एका लयीत, ना कमी ना जास्त. चाळीस प्रवासी मागे बसवल्यासारखे. विनंती थांब्यांवर थबकले नाहीत हे माझ्या पाळधीजवळ लक्षात आलं. बांभोरीला गिरणेचा पूल आला तेव्हा मी रडले थोडी, पण वाऱ्यामुळे तसंही डोळ्यांतून पाणी येतच होतं.

काव्यरत्नावली चौकात पोहोचलो तर बॅनरची एक दोरी सोडून झाली होती. हार घालून झाले, फोटो झाले, पाहुणे गेले. पाऊण तास थांबायला काय हरकत होती, हे मी तिथे बोलले नाही, इथे लिहिते. आप्पांना काही वाटलं नाही. म्हणाले, शेवटच्या गाडीला डेपोत कोण असतं? एका पोराने पळत जाऊन दोन पत्रावळी आणल्या: पऱ्हाट्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत, गार झालेल्या पुऱ्या, कांद्याची पात. मी सहा पुऱ्या खाल्ल्या. आप्पांनी मोजल्या.

रात्री भुसावळहून मामाचा फोन. भाड्याच्या पैशांत माझ्या किलोमीटरमागे पाच रुपये देतो म्हणून तोच कबूल झाला होता.

“तुमच्या ग्रुपवर ३८८ किलोमीटर आलेत. हिशेब केला मी.”

“ते बाकीच्यांचे. माझ्या मीटरवर ४११ आहेत.”

“तू कुठे भटकायला गेली होतीस?”

“हातमोजा आणायला.”

बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, मीटरचा फोटो पाठव. आता उजाडलं की पाठवते.