तुम्ही विचारलंत म्हणून : वीस वाटाणे, तीस काड्या

"सर, जो गॅस अजून कुठेच विकत मिळत नाही, त्यावर तीन-तीन तास कशाला घालवता?" पालकसभेत हा प्रश्न ठरलेला. नाशकात भूगर्भशास्त्र शिकवतो, पोर्शन संपवायची घाई मलाही असतेच. तरी गॅस हायड्रेटचे, म्हणजे पाण्याच्या रेणूंच्या पिंजऱ्यात मिथेन वायू अडकलेल्या बर्फासारख्या पदार्थाचे, तीन तास मी सोडत नाही.

पूर्वी आकड्याने सुरुवात करायचो. एक घनमीटर हायड्रेट वितळलं की सुमारे १६० घनमीटर मिथेन सुटतो! वर्ग थक्क व्हायचा, मलाही बरं वाटायचं. पण पोरं घरी एवढंच न्यायची की समुद्राखाली खजिना पडलाय, काढायचाच काय तो आळस.

आता आदल्या रात्री पांढरे वाटाणे भिजत घालतो. प्रत्येक गटाला वीस वाटाणे, तीस टूथपिक आणि एक मणी. वाटाणा म्हणजे पाण्याचा रेणू, मणी म्हणजे मिथेन. मण्याभोवती बारा पंचकोनांचा पिंजरा बांधायचा. पहिले तीन पंचकोन झोकात होतात; मग इकडे टोचलं की तिकडे निखळतं. शेवटी एकाने दोन्ही हातांनी दाबून धरायचं. "सर, हात काढला की सुटतंय!" तेच तर. समुद्रतळाशी हा हात म्हणजे वरच्या हजारेक मीटर पाण्याचा दाब, आणि जोडीला थंडी.

मग विषय आपल्या गोदावरीवर येतो. २००६ साली 'जॉइडस रेझोल्यूशन' जहाजाने कृष्णा-गोदावरी खोऱ्याच्या समुद्रात खोदकाम केलं, तेव्हा एका जागी चिकणमातीच्या भेगांमध्ये हायड्रेट भरलेला सुमारे १२८ मीटर जाडीचा थर लागला. गाळात गाडल्या गेलेल्या सेंद्रिय द्रव्यापासून सूक्ष्मजीवांनी बनवलेला हा मिथेन. तो गाळ वाहून नेणारी नदी आपल्या त्र्यंबकची, म्हटल्यावर मागचे बाकही जागे होतात. त्याच मोहिमेत कोकण-केरळच्या समुद्रातही खोदलं होतं, तिथे हायड्रेट मिळालं नाही. हेही सांगतोच.

आणि जपान. मार्च २०१३, नानकाईचा समुद्र. समुद्रतळात खोदलेल्या विहिरीतलं पाणी पंपाने उपसून दाब उतरवला. हात काढला म्हणा ना. सहा दिवसांत सुमारे १ लाख २० हजार घनमीटर गॅस आला, मग विहिरीत वाळू शिरली आणि काम थांबलं. "शहाळ्यात स्ट्रॉमध्ये मलई अडकते, तसं," एक मुलगी म्हणाली. इतक्या वर्षांत मला हे सुचलं नव्हतं! चीनने २०१७ मध्ये सलग ६० दिवस गॅस काढून दाखवला, पण चाचणीच ती.

साठा आणि इंधन यांतलं हे अंतर पोरांना दुसऱ्या कुठल्या धड्यात इतकं स्वच्छ दिसत नाही. दगडी कोळसा शिकवताना खाण आधीच चालू असते.

तिसरा तास त्यांच्याच प्रश्नाला जातो: काढताना मिथेन निसटून हवेत गेला तर? वीस वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपट तापवतो. त्या तासाला भांडणं होतात, घंटा कुणाला ऐकू येत नाही.

उरलेल्या वाटाण्यांची घरी उसळ होते.