नाईक, पण कोणत्या स्पेलिंगचे?

लिस्बनच्या पोर्तुगीज कॅथलिक विद्यापीठात एम.ए.ला प्रवेश मिळवायला मला जेमतेम पाच आठवडे लागले. ज्या मुलीला तो मिळाला ती मीच, हे सिद्ध करण्यात पाच महिने गेले. गोष्ट २०१७ सालची आहे, तरी जन्मनोंदीच्या कचेरीतला लाकडी बाक आठवला की आजही माझे डोके तापते. म्हणून तिकडच्या शिक्षणाविषयी कोणी विचारले की मी आधी एकच प्रश्न करते: दहावीच्या प्रमाणपत्रावर आणि पासपोर्टवर तुमच्या आडनावाचे स्पेलिंग एकच आहे का?

आमचे घर गोव्यातल्या फोंडा तालुक्यात. मराठी विषय घेऊन बी.ए. करताना फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण हाती आले आणि मी त्यात गुंतले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा मराठी ग्रंथ १६१६ साली गोव्यातच राशोलला छापला गेला तो रोमन लिपीत. आपली भाषा परक्या अक्षरांत कशी बसवली गेली, हा प्रश्न मला पुढे अभ्यासायचा होता. लिस्बनच्या या विद्यापीठात संस्कृती अभ्यासाचा दोन वर्षांचा एम.ए. इंग्रजीतून करता येतो, आणि गोव्याहून गेलेले कित्येक जुने कागद त्याच शहरातल्या तोर्रे दो तोंबो या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, एवढी दोन कारणे मला पुरेशी होती. ‘पुराण शिकायला पाद्रींच्या विद्यापीठात कशाला?’ असे शेजारच्या काकांनी विचारले, तेव्हा पुराण लिहिणाराही पाद्रीच होता, असे सांगून मी सुटका करून घेतली. अर्ज, हेतुपत्र, दोन प्राध्यापकांची शिफारसपत्रे आणि गुणपत्रके पाठवली. मार्चअखेर होकार आला. त्याविषयी याहून जास्त सांगण्यासारखे काही नाही.

माझ्या जन्मनोंदीत बाबांचे आडनाव, आणि म्हणून माझेही, पोर्तुगीज वळणाने लिहिलेले आहे: शेवटी क्यू, यू, ई. दहावीचे प्रमाणपत्र, बारावीचे आणि पदवीचे, सगळी त्या नोंदीवरून तयार झाली. आधार कार्ड काढताना मात्र यंत्रापुढे बसलेल्या मुलाने नाव ऐकले आणि शेवटी के लिहून तो मोकळा झाला. पासपोर्ट पुढे त्याच वळणाने निघाला. मराठीत दोन्हीकडे नाईकच असल्यामुळे आमच्या घरात कोणाला ही भानगड कधी जाणवलीच नव्हती. फोंड्याच्या एका वकिलांनी कागद चाळून सांगितले, की नोटरीपुढे केलेले प्रतिज्ञापत्र म्हणजे शेवटी तुमचेच म्हणणे. परदेशी जाताना एखाद्या सरकारी नोंदीचा आधार असलेला बरा.

येथे दोन वाटा होत्या. पासपोर्टवरचे आडनाव पदवीप्रमाणे क्यूचे करून घ्यायचे, ही एक. माझ्या एका मैत्रिणीने नंतर तेच केले आणि तिचे काम माझ्यापेक्षा कितीतरी लवकर झाले. मी दुसरी वाट धरली, म्हणजे जन्मनोंदीतलेच आडनाव केचे करून घ्यायची, कारण त्या वयात मला तो क्यू परकीय राजवटीचे उरलेले शेपूट वाटत होता आणि लिस्बनला तो मिरवत जाण्याची कल्पनाच सहन होत नव्हती. ही माझी हौस होती, आणि तिची किंमत मी मोजली.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मी नागरी निबंधकांच्या कचेरीत गेले. कोणत्या तालुक्याच्या, ते सांगत नाही. खिडकीतल्या कारकुनांनी अर्ज पाहिला आणि म्हणाले, की एका अक्षराचा प्रश्न म्हणजे दुरुस्ती. दुरुस्ती १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याखाली होते, तिचा अर्ज वेगळा आणि टेबलही वेगळे. त्या टेबलावरच्या बाई त्या दिवशी रजेवर होत्या. तीन फेऱ्यांनंतर त्या भेटल्या, तेव्हा चूक नोंद करतानाच झाली होती याचा पुरावा म्हणून त्यांनी बाबांच्या जन्माचा दाखला मागितला. बाबांचा जन्म १९५८ चा, म्हणजे नोंद पोर्तुगीजमध्ये, हाताने लिहिलेली. तिची प्रत मिळवण्यात आणखी दोन आठवडे गेले.

ती प्रत घेऊन बाबा आणि मी पुन्हा गेलो, तो दिवस मला तपशिलासह आठवतो. बाईंनी प्रत टेबलावर सरळ केली, चष्मा कपाळावर चढवला आणि पेन्सिलचे मागचे टोक आडनावावर ठेवले. तिरक्या अक्षरात स्वच्छ लिहिलेले क्यू, यू, ई. ईची शेपटी तर पुढच्या शब्दाला जाऊन भिडलेली. ‘बाय, हांगा चूक खंय आसा?’ त्यांनी शांतपणे विचारले. चूक नव्हतीच. बापाच्या नोंदीत जे होते तेच मुलीच्या नोंदीत उतरले होते, त्यामुळे दुरुस्त करण्यासारखे काही नव्हते. मी नाव बदलण्याचा अर्ज करावा, असे सांगून त्यांनी मला पुन्हा पहिल्या खिडकीकडे पाठवले. पहिल्या खिडकीने विचारले, की पासपोर्टवर तुम्ही आधीच के लिहिता, तर मग बदलायचे काय? बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मी मात्र आवाज चढवला, आणि त्याचा परिणाम एवढाच झाला, की पुढच्या दोन्ही वेळी माझा कागद ढिगाच्या तळाशी गेला. ‘फाल्यां यो’, म्हणजे उद्या ये, हे दोन शब्द मी त्या महिन्यात जितके ऐकले तितके आयुष्यात कधी ऐकले नसतील.

दुरुस्ती की बदल, या वादात मे महिना संपला. शेवटी वकिलांनीच अर्जाचा मसुदा नव्याने लिहिला. जन्मनोंदीतले आडनाव अमुक आहे, यापुढे ते तमुक असावे, एवढेच त्यात ठेवले. पासपोर्टचा, आधारचा आणि माझ्या दुःखाचा उल्लेख काढून टाकला. गोव्याच्या १९९० च्या नाव व आडनाव बदल कायद्याखाली तो अर्ज जूनच्या पहिल्या आठवड्यात एकदाचा दाखल झाला. ही सूचना कामाची आहे: कचेरीतल्या माणसाला तुमची सगळी कहाणी सांगू नका, कारण कहाणीत जितकी वळणे तितकी टेबले.

या कायद्याप्रमाणे नोटीस प्रसिद्ध होते आणि कोणाची हरकत असल्यास ती नोंदवायला ३० दिवस असतात. माझी नोटीस जुलैच्या सुरुवातीला राजपत्रात आली. माझ्या के या अक्षराला हरकत घेणारा गोव्यात कोणी निघाला नाही. पण मुदत संपल्यावर लगेच दाखला मिळेल ही माझी समजूत भाबडी होती. सही करणारे अधिकारी प्रशिक्षणाला गेले, परत आले, मग पंधरा ऑगस्ट आला, आणि २५ तारखेला चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. आमच्याकडे चवथीच्या आठवड्यात कचेरीत काम होईल अशी अपेक्षा धरणे हेच मुळात पाप. घरात गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधताना माझे लक्ष मात्र टेलिफोनकडे. दाखला ३० ऑगस्टला हाती पडला. बाईंनी तो देताना पेढा मागितला नाही, उलट चवथीची नेवरी, म्हणजे आपली करंजी, दिली, त्यामुळे माझा राग ठेवायला जागा उरली नाही, याचाही मला राग आला.

त्यानंतरचे राज्य सरकारचे साक्षांकन, कागद परदेशात ग्राह्य ठरावा म्हणून लागणारा परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल शिक्का आणि व्हिसा हे सगळे रांगेत उभे राहून होणारे काम आहे, अडून बसणारे नाही. अपोस्टिल पदवीइतकाच नावबदलाच्या दाखल्यावरही घ्यावा. मी तो घेतला म्हणून निभावले. वर्ग सप्टेंबरमध्ये सुरू झाले होते आणि मी पोहोचले ऑक्टोबरच्या शेवटी. उशीर होणार हे मी जूनमध्येच लिहून कळवले होते. तुम्हीही कळवा, आणि उत्तर छापून जवळ ठेवा.

एक राहिले: हे विद्यापीठ १९६७ साली व्हॅटिकनच्या आदेशाने स्थापन झालेले आहे, सरकारी नव्हे, तेव्हा शुल्काचे पान अर्जाच्या आधी वाचावे. माझ्या धर्माविषयी तिथे मला कोणी काही विचारले नाही. गुण मात्र विसापैकी असतात आणि दहाला उत्तीर्ण. पहिल्या निबंधाला मला १५ मिळाले, तेव्हा मी आनंदाने घरी फोन केला आणि आईने विचारले, ‘पंधराच?’

रोमन लिपीतले मराठी वाचू लागल्यावर माझे त्या क्यूविषयीचे मत बदलले, हे कबूल करायला हवे. १९११ च्या सुधारणेने पोर्तुगीजांनी के हे अक्षर परके शब्द सोडून आपल्या वर्णमालेतून काढून टाकले होते आणि १९९० च्या शुद्धलेखन कराराने ते परत घेतले. म्हणजे बाबांची नोंद झाली तेव्हा लिहिणाऱ्या कारकुनाकडे आमच्या आडनावाच्या शेवटी ठेवायला के नव्हताच. त्याने जवळ होते त्यातून नाईक हा उच्चार जसाच्या तसा उतरवला होता. शेपूट वगैरे माझ्या मनात. आणि ज्या वर्षी त्यांनी के परत घेण्याचा करार केला त्याच वर्षी आमच्याकडे आडनाव बदलण्याचा कायदा झाला, हा योगायोग मी प्रबंधाच्या तळटीपेत घालून पाहिला. मार्गदर्शक बाईंनी तो काढायला लावला.

परतल्यावर परदेशी पदवीच्या समकक्षतेसाठी भारतीय विद्यापीठ संघाकडे अर्ज करताना बी.ए. क्यूची आणि एम.ए. केची असा तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला. त्या वेळी राजपत्राच्या चार प्रती माझ्या फाइलमध्ये होत्या. आता दोन उरल्या आहेत.