वर्ल्ड कपची दुखापत

परवा दुपारी जिन्यात शेजारच्या काकूंनी आईला विचारलं, "गुडघा काय म्हणतोय?" आई म्हणाली, "वर्ल्ड कपची दुखापत आहे हो. भरायला वेळ लागणार." काकूंनी पुढे काही विचारलं नाही. त्यांच्याकडेही असली माणसं असावीत.

आमच्या घरात मॅच ही बघायची गोष्ट नाही, बसायची आहे. विकेट पडत नसेल तर आपले बॅट्समन खेळत असताना जो जिथे असेल तो तिथेच. मोरीत असेल तर मोरीत. बाबांचा नियम. १९९६ ची सेमीफायनल, ईडन गार्डन्स, समोर श्रीलंका. आपण ९८ ला १ बाद. ताई कितीतरी वेळ मांडी आवळून बसली होती. शेवटी उठली, आणि तिकडे कालुवितरणाने सचिनला यष्टिचित केलं. पुढे १२० ला ८, मैदानात बाटल्या, विनोद कांबळीचं रडणं, सगळं सगळं ताईच्या खात्यावर गेलं. तिच्या लग्नातसुद्धा मामाने नवरदेवाला बाजूला घेऊन हे सांगितलं होतं. लपवाछपवी नको म्हणून.

आता गंमत बघा. २०१७ ला लॉर्ड्सवर आपल्या पोरी इंग्लंडविरुद्ध फायनल खेळत होत्या. हव्या होत्या २२९. पूनम राऊत ८६ वर खेळत होती, ३ बाद १९१. तिथून २८ धावांत सात विकेट गेल्या आणि नऊ धावांनी वर्ल्ड कप गेला. आमच्या घरात त्या दिवशी लोक उठत होते, बसत होते, मध्येच कुणी बातम्या लावल्या, कुणी भाजी निवडली. हरल्यावर "चांगल्या खेळल्या हो" असं म्हणून पानं घेतली. कुणावर आळ नाही, भांडण नाही. त्या "चांगल्या खेळल्या"चा मला आज संताप येतो. इतक्या समजूतदारपणे कोण हरतं?

२०२५ च्या महिला वर्ल्ड कपला मात्र घर बिघडलं. ओळीने तीन मॅच हरलो तेव्हा बाबा जेवले नाहीत, तिथेच मला शंका आली. मग ३० ऑक्टोबर, सेमीफायनल, समोर ऑस्ट्रेलिया, ३३९ चं लक्ष्य. आपली जेमिमा रॉड्रिग्ज म्हणे आंघोळ करत होती. तिसऱ्या नंबरवर जायचंय हे तिला जेमतेम पाच मिनिटं आधी कळलं. ती ८२ वर असताना त्यांच्या कॅप्टन हीलीने झेल सोडला, त्या क्षणी माझा हात चिवड्याच्या डब्यात होता. तो तिथेच राहिला. नाबाद १२७. अंगातलं त्राण संपलं तेव्हा आपण बायबलमधलं वचन म्हणत होतो, असं तिने नंतर सांगितलं: नुसती उभी राहा, देव तुझ्यासाठी लढेल. बाबांनी लगेच माझ्याकडे पाहिलं. "बघ. मी काय सांगत होतो? हलायचं नाही."

फायनलला, २ नोव्हेंबरला, समोर दक्षिण आफ्रिका. पावसाने दोन तास खाल्ले. मूळ संघात नसलेल्या शेफालीने ८७ काढल्या, आपल्या २९८. पण त्यांची कॅप्टन वोल्वार्ट हलेना. आई दूध तापवायला उठली, आणि आपली कॅप्टन हरमनने शेफालीच्या हाती चेंडू दिला. शेफालीच्या! लगेच स्वतःच्याच बॉलिंगवर तिने लूसचा झेल घेतला. बाबा ओरडले, "अगं, तिथेच थांब!" शेफालीच्या पुढच्याच ओव्हरला काप गेली. मग काय, आईची सुटका नाही. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात, एक हात चौकटीला, दीप्तीच्या पाच विकेट होईपर्यंत. अमनजोतच्या हातातून वोल्वार्टचा झेल दोनदा उडाला आणि तिसऱ्यांदा बसला, तेव्हाही आईने पाय बदलला नाही. नवी मुंबईत जल्लोष, आणि आमच्याकडे आई विचारतेय, "अहो, आता बसू का?"

नंतर पोरींनी मैदानात २०१७ च्या संघातल्या मितालीच्या आणि झुलनच्या हातात कप दिला. झुलन रडली. लॉर्ड्सवर तीन विकेट काढूनही हरलेली झुलन. बाबांनी चष्मा पुसला आणि एकदम करड्या आवाजात विचारलं, "२०१७ ला कोण कोण उठलं होतं?"

आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. स्पीकरवर असलेल्या ताईने तेवढ्यात सांगून टाकलं, "मी नव्हते हं. मी तेव्हा सासरी होते."