गिल्बर्ट सिंड्रोम असताना पूरक गोळ्या: माझा अनुभव

माझ्या रिपोर्टवर एकूण बिलिरुबिन, म्हणजे तांबड्या पेशी फुटल्यावर तयार होणारं पिवळं द्रव्य, २.४ आलं होतं. साधारण मर्यादा १.२ पर्यंत, म्हणजे थेट दुप्पट. एसजीपीटी, एसजीओटी, अल्कलाइन फॉस्फटेज ही यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारी एन्झाइम्स मात्र मर्यादेतच होती. डायरेक्ट बिलिरुबिन, म्हणजे यकृताने प्रक्रिया केलेलं, फक्त ०.३ होतं, बाकी सगळं इनडायरेक्ट, म्हणजे प्रक्रिया व्हायची राहिलेलं. तांबड्या पेशी जास्त प्रमाणात फुटत नाहीत ना, हे पाहायला हिमोग्लोबिन, रेटिक्युलोसाइट आणि एलडीएच तपासले. तेही ठीक निघाल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, हा गिल्बर्ट सिंड्रोम आहे. यकृत निरोगी आहे, औषधाची गरज नाही.

ऑगस्टिन गिल्बर्ट या फ्रेंच डॉक्टरने १९०१ मध्ये याचं वर्णन केलं. बिलिरुबिनला पाण्यात विरघळण्याजोगं करणारं एक एन्झाइम यकृतात असतं. यूजीटी१ए१ या जनुकातल्या छोट्या फरकामुळे आमच्यात त्याचं काम साधारण तीस टक्क्यांवर चालतं. उपाशी राहिलं, पाणी कमी पडलं, ताप आला, झोप झाली नाही की आकडा चढतो आणि डोळ्यांत किंचित पिवळेपणा दिसतो. मग आपोआप उतरतो.

इथपर्यंत मला धास्ती नव्हती. प्रश्न पुढे आला. माझं ड जीवनसत्त्व आणि बी-१२ दोन्ही कमी होतं, ते घ्यायचंच होतं. शिवाय गुडघ्यासाठी हळदीतलं कर्क्युमिन घे, वजनासाठी ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूल घे, झोपेसाठी अश्वगंधा घे, असे सल्ले चहूबाजूंनी येत होते. प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य, ‘नैसर्गिक आहे, काही होत नाही.’ दुसरीकडे काही जण म्हणायचे, तुझं लिव्हर नाजूक आहे, कशालाच हात लावू नकोस. दोन्ही मतं चुकीची आहेत, हे मला नीट विचारल्यावर कळलं.

ड आणि बी-१२ योग्य मात्रेत घ्यायला गिल्बर्टची आडकाठी नाही. डॉक्टरांनी मात्रा ठरवून दिली आणि तो विषय तिथेच मिटला. वनस्पतींच्या घट्ट अर्कांचं मात्र तसं नाही. ग्रीन टीच्या अर्कातला ईजीसीजी हा घटक रोज ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त घेतल्यास रक्तातली यकृताची एन्झाइम्स वाढू शकतात, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये म्हटलं. कर्क्युमिन आणि अश्वगंधा यांच्यामुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. ही इजा कोणालाही होऊ शकते, त्यासाठी गिल्बर्ट असावं लागत नाही. पण कर्क्युमिनच्या डबीवर मला बारीक अक्षरांत पिपेरिन दिसलं, म्हणजे काळ्या मिरीतला घटक. कर्क्युमिन रक्तात जास्त उतरावं म्हणून तो घालतात. तो ज्या मार्गांनी हे साधतो त्यात यूजीटी गटातल्या एन्झाइम्सना मंदावणंही आहे. माझ्याकडे त्यातलंच एक आधीच अपुरं. नेमका किती फरक पडेल हे कोणी सांगू शकत नव्हतं आणि गुडघ्याला व्यायामाने उतार पडत होता, म्हणून ती डबी मी परत केली. मला तो निर्णय आजही बरोबर वाटतो.

आणखी एक गोष्ट आधी कोणीच सांगितली नव्हती. मोठ्या मात्रेतलं नायसिन, म्हणजे बी-३, इनडायरेक्ट बिलिरुबिन वाढवतं. एके काळी गिल्बर्टच्या निदानासाठी नायसिन देऊन आकडा किती चढतो ते बघत असत! मल्टिव्हिटॅमिनमधल्या थोड्याशा बी-३ ने घाबरायचं कारण नाही, पण ‘हाय पोटन्सी’ लिहिलेली बाटली उचलण्याआधी मी तो आकडा वाचते. अ जीवनसत्त्वाचाही वाचते. रेटिनॉलच्या रूपात रोज ३००० मायक्रोग्रॅम ही प्रौढांसाठीची वरची मर्यादा आहे आणि दोन-तीन उत्पादनांत मिळून ती सहज गाठली जाते. ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’ असं लिहून प्रत्येक घटकाची मात्रा लपवलेलं काही मी घेतच नाही.

सगळ्यात उपयोगी पडली ती तपासणीची शिस्त. नवं काही सुरू करण्याआधी एक एलएफटी, म्हणजे यकृताची रक्ततपासणी, तोच आपला पाया. एका वेळी एकच गोष्ट वाढवायची, म्हणजे बिघडलं तर कशामुळे ते कळतं. काही आठवड्यांनी पुन्हा एलएफटी. रक्त द्यायला जाताना मी उपाशी जात नाही, कारण उपवासाने माझं बिलिरुबिन चढतं आणि एलएफटीला उपाशीपोटाची अट नसते. साखर आणि लिपिड त्याच वेळी करायचे असतील तर डॉक्टरांना विचारून घेते. तपासणीआधी आठवडाभर जड वजनं उचलत नाही. स्नायूंमधूनही एसजीओटी आणि एसजीपीटी रक्तात येतात आणि उगाच यकृतावर संशय जातो. बायोटिन, म्हणजे बी-७ जीवनसत्त्व, घेत असाल तर लॅबला जरूर सांगा, थायरॉइडसारख्या काही चाचण्यांचे आकडे त्याने फसवे येतात.

रिपोर्ट हाती आला की माझी नजर एकूण बिलिरुबिनवर जात नाही. तो आकडा माझ्या बाबतीत खाली-वर होणारच. मी बघते एसजीपीटी, अल्कलाइन फॉस्फटेज आणि डायरेक्ट बिलिरुबिन. यातलं काही वाढलं तर ते ‘गिल्बर्टचंच असेल’ म्हणून सोडून द्यायचं नाही. माझ्या मते आपल्यासारख्यांना खरा धोका इथेच आहे. सवयीच्या आकड्याआड नवी इजा लपू शकते.

लक्षणांचंही तेच. सतत खाज, मळमळ, भूक मरणं, उजव्या बरगडीखाली दुखणं यांपैकी काही जाणवलं तर सगळ्या पूरक गोळ्या बंद करायच्या, तपासणी करायची आणि डॉक्टरांकडे जाताना डब्या सोबत न्यायच्या. इनडायरेक्ट बिलिरुबिन लघवीत उतरत नाही. त्यामुळे भरपूर पाणी पिऊनही लघवी चहासारखी गडद राहिली, तर ते गिल्बर्टमुळे नाही. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे.